दोन म्हणजे किती?

कॅलिफोर्नियात फ्रेस्नोच्या आसपास मेक्सिकोहून आलेल्या शेतमजुरांसाठी एक व्यसनमुक्ती कार्यक्रम चालायचा. त्याचं मूल्यमापन माझ्याकडे आलं, तेव्हा काम सरळ वाटलं होतं. दाखल होताना मुलाखत, सहा महिन्यांनी पुन्हा मुलाखत, आणि फरक काढायचा.

पहिल्याच आठवड्यात द्राक्षमळ्यात राबणारे एक काका समोर बसले. हातात जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची चाचणी. "पिता त्या दिवशी किती?" "दोन." मी खूण केली, गुण शून्य. शेजारी प्रोमोतोरा बसल्या होत्या, म्हणजे त्याच वस्तीतल्या आरोग्यसेविका. त्या हळूच म्हणाल्या, "मिहा (म्हणजे पोरी), दोन काय, ते विचार की." दोन कागुआमा! मेक्सिकन बिअरची ती मोठी बाटली, साधारण ९४० मिलिलिटरची. अमेरिकेतल्या हिशेबात एक ड्रिंक मात्र ३५५ मिलिलिटर बिअरचं. काकांचे दोन म्हणजे आमचे पाचाच्या वर.

संध्याकाळी जुने फॉर्म काढून बसले आणि पोटात गोळा आला. कितीतरी ठिकाणी नुसतंच 'दोन'. त्यानंतर आम्ही टेबलावर रिकामी कागुआमा आणि कॅन ठेवूनच विचारू लागलो.

भाषेचंही तेच. फॉर्म स्पॅनिशमध्ये, म्हणून सगळे निर्धास्त. पण मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यातून आलेली बरीच माणसं घरात मिश्तेक ही तिथली आदिवासी भाषा बोलतात. 'हिस्पॅनिक' म्हणून एकाच रकान्यात मोजली, तरी स्पॅनिश त्यांची मायबोली नव्हे. मेळघाटातल्या कोरकू आजींपुढे छापील मराठी फॉर्म ठेवावा, तसं. मिश्तेक बोलणाऱ्या एक ताई मिळाल्या, मग प्रश्न तोंडी विचारले.

खरा जीव काढला तो पाठपुराव्याने. द्राक्षांच्या हंगामात, ऑगस्ट-सप्टेंबरात दाखल झालेला माणूस फेब्रुवारीत कुठे असेल? छाटणीला दुसरीकडे, नाहीतर गावी. फोन बंद. निधी देणाऱ्यांना मात्र ८० टक्के माणसं पुन्हा भेटलेली हवी होती. सापडला नाही म्हणजे उपचार फसला, असं कुणी म्हटलं की मला अजूनही राग येतो. प्रोमोतोरांनी मग दाखल होतानाच, परवानगी घेऊन, आईचा किंवा बहिणीचा नंबर लिहून घ्यायला सुरुवात केली.

काकांचा फोन त्यांच्या बायकोने उचलला. म्हणाल्या, "शुक्रवारचा पगार आता अख्खा घरी येतो." फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता. मी समासात लिहून घेतलं, आणि पुढच्या फॉर्ममध्ये घरच्यांसाठी एक पान वाढवलं.