तेरावी प्रत

स्मरणिकेसाठी लिहा, असं समितीचं पत्र आलं आणि मी आधी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. बायको म्हणाली, "लेख लिहायचाय की घर आवरायचंय?" पण मला हवं होतं ते त्या पेटीतच होतं. ते काय, ते ओघात येईलच.

मैदान, स्नेहसंमेलन, आंतरशालेय ढाल, विज्ञानाच्या सरांची मोटारसायकल यांवर बाकीचे लिहितीलच. मला फक्त सिस्टरांबद्दल लिहायचं आहे. आपल्या शाळेत सिस्टर पुष्कळ होऊन गेल्या, पण नुसतं 'सिस्टर' म्हटलं की आमच्या काळातल्या कुणाच्याही डोळ्यांसमोर एकच चेहरा येतो, म्हणून नाव लिहीत नाही. त्यांच्या खिशात जपमाळ असायची. जिन्यावर तिचा खुळखुळ आला की त्या तिसऱ्या पायरीवर पोचेपर्यंत आमचा वर्ग चिडीचूप.

बाराची घंटा आठवते ना? आंजेलसची, म्हणजे देवदूताने मारियेला दिलेला निरोप आठवायच्या प्रार्थनेची. तीन ठोके, मग थांबायचं; पुन्हा तीन, थांबायचं; पुन्हा तीन; आणि शेवटी सलग नऊ. गणित चालू असो की कवायत, सगळे जागच्या जागी उभे. ईस्टरच्या दिवसांत त्याच वेळी प्रार्थना मात्र दुसरी, स्वर्गाच्या राणीला आनंद करायला सांगणारी. पहिले दोन दिवस आम्ही हमखास जुनीच सुरू करायचो आणि सिस्टर खोकल्यासारखं करून हसू दाबायच्या. कॅथलिक नसलेल्या मुलांवर प्रार्थना म्हणायची सक्ती नव्हती. माझ्या शेजारी बसणारा मित्र तेवढ्या वेळात ठोके मोजायचा. शिपाईकाकांचा एखादा ठोका चुकला तर तोच आधी सांगायचा, "आज आठच झाले."

ऑक्टोबरभर शाळा सुटल्यावर चॅपलमध्ये जपमाळ. तेव्हा गूढरहस्यं, म्हणजे माळ जपताना मनात आणायचे येशू-मारियेच्या आयुष्यातले प्रसंग, पंधरा होती, आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची. प्रकाशाची पाच पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ साली घातली, ती आम्हाला शिकायला मिळाली नाहीत. एका रहस्याला एक दशक, म्हणजे 'नमो मारिया' ही प्रार्थना दहा वेळा; पंधरा दशकं म्हणजे दीडशे 'नमो मारिया', बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत तेवढेच. ज्यांना वाचता येत नव्हतं त्या साध्या लोकांची ही स्तोत्रसंहिता, असं सिस्टर सांगत. एरवी मागच्या बाकावरून माळ अर्धी झोपेतच व्हायची, पण त्यांनी एकदा सांगितलेलं एक मात्र डोक्यात राहिलं. 'नमो मारिया'चे दोन भाग आहेत. पहिला लूकच्या शुभवर्तमानातला, देवदूत गब्रिएल आणि एलिझाबेथ यांच्या तोंडचा. दुसरा, 'आम्हा पाप्यांसाठी विनंती कर' हा, नंतर जोडलेला. आज आपण म्हणतो त्या रूपात तो १५६८ च्या रोमन प्रार्थनाग्रंथात आला. एकाने पहिला भाग म्हणायचा, बाकीच्यांनी दुसरा. "एकट्याला दोन्हीकडून बोलावं लागतं," सिस्टर म्हणायच्या. "येतं तसंही, पण जरा वेड्यासारखं वाटतं."

आता मूळ गोष्ट.

आठवीत असताना वाचनालयातल्या एका पुस्तकात मला घडी घातलेला कागद मिळाला. वर संत ज्यूडची प्रार्थना. हा हताश झालेल्यांचा संत, त्यामुळे सहामाही परीक्षेच्या तोंडावर मला तो अगदी जवळचा वाटला. प्रार्थनेखाली लिहिलं होतं: ही प्रार्थना तेरा दिवसांत तेरा जणांना द्या. एकाने दिली, त्याला नोकरी लागली. एकाने कागद फाडला, नवव्या दिवशी त्याला अपघात झाला.

मी त्याच रात्री कामाला लागलो. कार्बन पेपर घालून एका वेळी चार प्रती, अशा तीन खेपा. बारा झाल्या. पहिल्या खेपेत हावरटपणाने खाली पाचवा कागद सारला होता, तीच तेरावी. तिच्यावरची अक्षरं इतकी पुसट उमटली होती की कागद उजेडासमोर तिरका धरल्याशिवाय दिसत नव्हती. ती धरतील की नाही, याची मला खरोखर धास्ती वाटत होती. कोण धरणार होतं, ते मात्र विचारू नका. बाकीच्या बारा मी दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मिळेल त्याच्या हातात कोंबल्या.

त्यातली एक पाचवीतल्या एका मुलीकडे गेली. तिची आई तेव्हा दवाखान्यात होती. त्या पोरीला तेरा वेळा लिहिणं काही झेपेना. तिसऱ्या दिवशी ती चॅपलच्या पायरीवर हुंदके देत बसलेली सिस्टरांना सापडली. तिच्या हिशेबाने आईचे सहा दिवस उरले होते.

अक्षर ओळखायला सिस्टरांना वेळ लागला नाही. माझा 'ल' तेव्हाही आडवा झोपलेला असायचा, आजही असतो. मला शिक्षकखोलीत बोलावणं आलं. टेबलावर एकावर एक बारा कागद. बाकाबाकावर जाऊन त्यांनी सगळे गोळा केले होते. मी तळहात पुढे करूनच उभा राहिलो.

"तेरावी?" त्यांनी विचारलं.

मी खिशातून काढून दिली. त्यांनी खिडकीपाशी जाऊन ती तिरकी धरून वाचली. पूर्ण वाचली. मग म्हणाल्या, "वरचं कुणासाठी लिहिलंय?"

"देवासाठी."

"आणि खालचं?"

मी गप्प. त्यांनी खणातून शिवणाच्या तासाची मोठी कात्री काढून माझ्यासमोर ठेवली आणि नखाने कागदावर एक रेघ ओढली. प्रार्थनेच्या 'आमेन'च्या बरोबर खाली. "इथून."

तेरा कागद एकेक करून कापले. कात्रीला धार नव्हती, ती कागद कुरतडायची. पट्ट्या टेबलावरून खाली पडायच्या, मी वाकून उचलायचो. प्रत्येक पट्टीवर तोच अपघात, तीच नोकरी, माझ्याच अक्षरात. सहाव्या-सातव्या पट्टीला मला रडू आलं. सिस्टर वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. तो एक मोठेपणा मला फार उशिरा कळला.

पट्ट्या केराच्या टोपलीत गेल्या. बारा कागद माझ्या हातात परत आले. "आता ज्याचं त्याला नेऊन दे. पण नुसतं द्यायचं नाही, त्याच्यासोबत बसून एकदा म्हणायचं. ज्याला नको असेल त्याच्याकडून परत घ्यायचं आणि रुसायचं नाही." तेरावी त्यांनी वेगळी दिली. "ही कुणाला वाचता यायची नाही. ही तुझी."

मला चार दिवस लागले. बारातल्या चार परत आल्या. ठोके मोजणारा मित्र म्हणाला, "मला नको, पण तू म्हण, मी ऐकतो." त्याने शेवटपर्यंत ऐकली, वर एके ठिकाणी मी अडखळलो तेही सांगितलं. पाचवीतल्या मुलीकडे मी सगळ्यांत शेवटी गेलो. सिस्टर सोबत होत्या. आम्ही तिघांनी तिच्या आईसाठी प्रार्थना म्हटली. ती संपल्यावर सिस्टर म्हणाल्या, "आता डॉक्टरांसाठी एक." आई पुढच्या महिन्यात घरी आली. मुलीने येऊन मला सांगितलं, "तुझ्या कागदामुळे." सिस्टर मागेच उभ्या होत्या. "डॉक्टरांमुळे," त्या म्हणाल्या, "आणि कागदामुळे काहीच नाही."

कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथातला परिच्छेद २१११ मी पुढे केव्हातरी वाचला. मनाची तयारी बाजूला ठेवून प्रार्थनेची शक्ती निव्वळ बाह्य कृतीत मानणं म्हणजे अंधश्रद्धा, अशा अर्थाचं त्यात आहे. वाचताना मला ती बोथट कात्री दिसत होती.

पुढे मी छपाईच्या धंद्यात पडलो, हे आमच्या तुकडीला ठाऊक आहे. स्वतःची टिमकी वाजवण्याची ही जागा नव्हे, तरी सांगतो: जपमाळ, क्रुसाच्या वाटेची चौदा स्थानं आणि काही नोव्हेना (नऊ दिवस म्हणायच्या प्रार्थना) यांची मी संपादित केलेली पुस्तिका यंदा चौथ्या आवृत्तीत गेली. छापायला घेण्याआधी मी ती धर्माधिकाऱ्यांच्या मान्यतेसाठी पाठवली. ही सवयही सिस्टरांचीच. प्रार्थनेचं कुठलंही पत्रक हातात आलं की त्या आधी उलटं करायच्या आणि मागे बारीक टाइपात कुणाची संमती छापली आहे ते शोधायच्या.

धंद्यामुळे म्हणा, मला प्रार्थनेपेक्षा तिच्या कागदाचा प्रवास वाचायचा नाद लागला. 'स्मरण कर, हे परमकृपाळू कुमारी मारिये' ही प्रार्थना पुष्कळ लोक बाराव्या शतकातल्या संत बर्नार्डांची समजतात. तिचा खरा प्रसार केला तो सतराव्या शतकातल्या क्लोद बर्नार या फ्रेंच धर्मगुरूने. हा गरिबांत आणि तुरुंगातल्या कैद्यांत वावरणारा माणूस. त्याने निरनिराळ्या भाषांत तिची २,००,००० पत्रकं छापून घेतली, असं सांगतात. हाताने चालवायच्या छापखान्यावर! नावाच्या साधर्म्यामुळे श्रेय संतांकडे गेलं असावं. 'मला तुझ्या शांतीचं साधन कर' या प्रार्थनेचं तर आणखी मजेशीर. ती असिसीच्या संत फ्रान्सिसांची समजतात. पण ते १२२६ साली वारले, आणि ही प्रार्थना १९१२ साली पॅरिसच्या एका छोट्या मासिकात निनावी छापून आली. पुढे कुणीतरी एका बाजूला फ्रान्सिसचं चित्र आणि पाठीवर ही प्रार्थना असं कार्ड काढलं, आणि ती त्यांच्या नावावर चढली. छापणाऱ्याने पाठपोट कागद वाचवला नसता तर आज ती कुणाच्या नावावर असती कोण जाणे.

हल्ली प्रार्थना व्हॉट्सॲपवर येतात. कार्बन लागत नाही, हात दुखत नाही, आणि 'अकरा जणांना पाठवा, रात्रीपर्यंत शुभवार्ता येईल' ही ओळ मात्र जशीच्या तशी. माझ्या पाहुण्यांतली शहाणीसुरती माणसं हे धाडतात. मी शेवटची ओळ खोडून उरलेलं त्यांनाच परत पाठवतो, त्यामुळे दोन गटांतून मला काढून टाकलंय. एखादी प्रार्थना खरोखर कुणाला द्यावीशी वाटली तर मी फोन करतो. माणूस आधी दचकतो. मग बहुतेक जण म्हणतात, "बरं, म्हण."

तक्रार करायची नाही असं ठरवलं होतं, पण करतोच. गेल्या पावसाळ्यात शाळेत आलो होतो. बाराला ध्वनिक्षेपकावरून मुद्रित घंटा वाजली. ठोके अचूक होते, एकही चुकत नव्हता. व्हरांड्यातली मुलं चालत राहिली, एक शिक्षक फोनवर बोलत राहिले, आणि मी एकटाच जिन्यात उभा. एका मुलाने विचारलं, "काका, काही हरवलंय का?" मुलांचा दोष नाही. त्यांना कुणी थांबून दाखवलेलं नाही. जुनी घंटा निदान रंगवून तरी ठेवा, तिच्या कडेला गंज धरलाय.

त्याच फेरीत सिस्टरांना भेटलो. त्या आता मठाच्या वृद्ध सिस्टरांच्या खोल्यांत असतात. मला ओळखलं नाही. मी कात्रीची गोष्ट सांगितली, तीही आठवली नाही. "मी असं केलं?" म्हणाल्या, जराशा नाराजीनेच. मग जपमाळ काढून 'नमो मारिया'चा पहिला भाग म्हटला आणि थांबून माझ्याकडे पाहिलं. मी दुसरा म्हटला. एक दशक झालं. मण्यांवरची त्यांची बोटं कुठेही चुकली नाहीत, मीच एकदा चुकलो.

ती तेरावी प्रत या लेखासोबत समितीकडे पाठवत आहे. जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवणार आहात असं कळलं. काचेखाली लावलीत तर दिवा बाजूने तिरका सोडा, समोरून काहीच दिसणार नाही. खालची कड कुरतडलेली आहे ती उंदरांनी नव्हे, तेव्हा ती सरळ कापू नये ही विनंती.