अल्बर्ट हॉलच्या गॅलरीतून: रॉक बँड विरुद्ध सिम्फनी

साउथ केन्सिंग्टन स्टेशनातून भुयारी वाटेने निघालं की थेट एक्झिबिशन रोडवर वर येता येतं. बहुतेक गर्दी तिथून नॅचरल हिस्ट्री म्युझियममधले डायनासोर बघायला वळते. आम्ही तसेच चढावर चालत राहिलो, प्रिन्स कॉन्सर्ट रोडला डावीकडे वळलो, आणि रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकच्या समोर आलो. तिथल्या रुंद पायऱ्यांच्या वर तो उभा होता: लाल विटांचा, गोल घुमटाचा रॉयल अल्बर्ट हॉल. कॉलेजच्या दिवसांपासून ज्या एलपीची पारायणं केली ती इथे ध्वनिमुद्रित झाली होती. लंडनला जायचं ठरलं तेव्हा यादीत सर्वांत वर हेच नाव होतं.

२४ सप्टेंबर १९६९ च्या रात्री इथे डीप पर्पल हा रॉक बँड आणि रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा एकाच मंचावर बसले. रचना होती बँडचा ऑर्गनवादक जॉन लॉर्ड याची, ‘कॉन्चेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा’. तिचं ध्वनिमुद्रण म्हणजेच माझी ती एलपी. कंडक्टर माल्कम आर्नल्ड. हे आर्नल्ड म्हणजे ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’च्या संगीतासाठी ऑस्कर मिळालेले, आणि त्याआधी लंडन फिलहार्मोनिकमध्ये ट्रम्पेट वाजवलेले. ऑर्केस्ट्राच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या मनात काय चालतं हे त्यांना आतून ठाऊक होतं. लांब केसांच्या पोरांबरोबर वाजवायचं म्हटल्यावर ऑर्केस्ट्रातल्या काहींनी तालमीत नाकं मुरडली होती. आर्नल्ड मात्र पहिल्यापासून लॉर्डच्या बाजूने ठाम उभे राहिले. ते नसते तर ही एलपी झाली नसती, असं मला मनापासून वाटतं.

हॉल दाखवणारी सहल असते, ती दिवसा केली. रिकाम्या हॉलमध्ये पाऊल टाकलं की नजर आपोआप वर जाते. लाल खुर्च्यांची वर्तुळं एकावर एक चढत जातात, मंचामागे अजस्र ऑर्गनचे पाइप, आणि घुमटाखाली टांगलेल्या फायबरग्लासच्या मोठमोठ्या तबकड्या. त्यांना इथे सगळे ‘मशरूम’च म्हणतात. १८७१ साली हॉल उघडला तेव्हापासून प्रतिध्वनीने इथल्या वादकांचा जीव खाल्ला होता. घुमट साधारण ४१ मीटर उंच. आवाज वर जाऊन परत यायला जवळपास पाव सेकंद लागतो, आणि द्रुत लयीत तेवढ्यात पुढची मात्रा येऊन ठेपते. मग १९६९ साली या तबकड्या टांगल्या, १३५. पुढे ध्वनीचा अभ्यास करून २००१ मध्ये त्या ८५ वर आणल्या. म्हणजे ज्या वर्षी हा हॉल आपल्या घुमण्यावर इलाज करत होता, त्याच वर्षी त्यात ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटार घुसली!

याच मंचावर मार्च १९७४ मध्ये लता मंगेशकर गायल्या. त्या कार्यक्रमाची एलपी आमच्या घरी होती. मंचाकडे बघताना ती आठवलीच.

बरोबर माझी मामेबहीण होती. ती लंडनच्याच हॅरो भागात राहते, शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायची. तिला मी विचारलं, अशा प्रयोगात सगळ्यात अवघड काय? ती म्हणाली, “दादा, ड्रमच्या जवळ बसलं ना, की स्वतःचं व्हायोलिनसुद्धा स्वतःला ऐकू येत नाही. मग सूर लावायचा कशाच्या भरवशावर?” ध्वनिमुद्रण करणाऱ्याचंही दुखणं हेच. व्हायोलिनचा आवाज नाजूक, म्हणून माइक उघडा ठेवावा, तर त्यात व्हायोलिनच्या आधी ड्रमच शिरतो.

रात्री तिथेच प्रॉम्स या उन्हाळी संगीत महोत्सवाचा कार्यक्रम होता. आम्ही सगळ्यात वरच्या गॅलरीची उभ्याने ऐकायची तिकिटं काढली होती. लोखंडी कठड्याला टेकून खाली बघत होतो. टिंपनी म्हणजे ऑर्केस्ट्रातले मोठे नगारे; ते वाजवणाऱ्याने काठी उचलली, मारली, आणि घाव दिसल्यावर क्षणभराने कानावर आला. एवढं अंतर! आता या अंतरात ढोल इथे, चेलो तिथे, अँप्लिफायर मध्ये, आणि सगळ्यांनी एका समेवर यायचं. घरी स्पीकरवर ऐकताना हे कधी जाणवलं नव्हतं.

म्हणूनच लॉर्डची युक्ती मला इतकी मोलाची वाटते. त्याने दोघांना एकत्र मिसळायचा हट्टच धरला नाही. पहिल्या भागात ऑर्केस्ट्रा बराच वेळ एकटाच वाजतो, मग बँड येतो, आणि दोघे एकमेकांना अडवतात, तोडतात, डिवचतात. आपल्या सवाल-जवाबासारखंच, पण मैत्रीचा नाही, इर्षेचा. रिची ब्लॅकमोर गिटार घेऊन सुटतो तेव्हा बाकीच्यांना थांबावंच लागतं. दुसऱ्या भागात इयन गिलन गातो आणि दोन्ही पक्ष जरा जवळ येतात. तिसऱ्यात इयन पेसचा ड्रम सोलो, आणि मग सगळे मिळून धावतात. भांडण झालेलं असतं, म्हणून ती धाव खरी वाटते.

नंतर अशा एलपी पुष्कळ आल्या. १९७१ मध्ये प्रोकोल हॅरम हा इंग्लिश रॉक बँड कॅनडात एडमंटनच्या सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर वाजवून आला, आणि ती एलपी गाजली. मेटालिका या अमेरिकन मेटल बँडने एप्रिल १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत, सॅन फ्रान्सिस्को सिम्फनी हा ऑर्केस्ट्रा आणि कंडक्टर मायकेल केमनबरोबर ‘एस अँड एम’ ही एलपी केली. त्यातली ‘नो लीफ क्लोव्हर’ मला फार आवडते, कारण ती या प्रयोगासाठीच लिहिली होती. जुन्या गाण्यांत मात्र पुष्कळदा व्हायोलिनं नुसती मागून रंग भरत राहतात. गिटार ऐकू येते, ऑर्केस्ट्रा जाणवतो, पण दोघांत बोलणं होत नाही.

लॉर्डच्या रचनेचं पुढे जे झालं ते ऐकून वाईट वाटतं. १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बाउल या खुल्या रंगमंचावर ती पुन्हा वाजवली आणि त्यानंतर तिची लिहिलेली स्वरलिपीच हरवली. जवळपास तीस वर्षं ती कुणाला वाजवता आली नाही. मग मार्को द खूय नावाच्या डच संगीतकाराने ध्वनिमुद्रण ऐकून, चित्रीकरण बघून, एकेका वाद्याचा भाग कानाने उतरवून काढला. लॉर्ड आणि कंडक्टर पॉल मान यांनी त्यावर हात फिरवला, आणि सप्टेंबर १९९९ मध्ये याच हॉलमध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर ती पुन्हा उभी राहिली. जुनी एलपी नसती तर ही रचना कायमची गेली असती.

१९९९ चं ध्वनिमुद्रण जास्त स्वच्छ आहे, ऑर्केस्ट्राचे बारकावे नीट कळतात. पण कुणी पहिल्यांदा ऐकणार असेल तर मी १९६९ चंच सांगतो. त्यात दोन्ही बाजूंना एकमेकांची अजून सवय झालेली नाही, आणि पहिला भाग ऐकताना ते क्षणोक्षणी कळतं.