शिक्षिका होण्यासाठी लागलेली सात वर्षे

2017 मध्ये बारावीनंतर मी डी.एल.एड.ला, म्हणजे पूर्वी डी.एड. म्हणत त्या प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेला, प्रवेश घेतला, तेव्हा दापोली तालुक्यातील आमच्या वाडीत कोणालाच त्याचा आनंद झाला नाही, आणि त्याला कारणही होते. माझी चुलत बहीण डी.एड. होऊन बाहेर पडली आणि 2012 मध्ये शिक्षकभरतीवर बंदी आली. प्रमाणपत्र ट्रंकेत ठेवून ती काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जाऊ लागली. तिचेच वडील मला म्हणाले, "नर्सिंग कर गो, पोटापाण्याला तरी लागशील." त्यांचे चुकत होते असे मला आजही वाटत नाही.

अभ्यासक्रमाची दोन वर्षे पाठटाचणे, सरावपाठ आणि शैक्षणिक साहित्य तयार करण्यात गेली. जानेवारी 2020 मध्ये मी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, दिली. पहिली ते आठवीला शिकवायचे असेल तर ही परीक्षा उत्तीर्ण व्हावीच लागते, आणि त्यासाठी खुल्या प्रवर्गाला 150 पैकी 90 गुण लागतात. मला 84 मिळाले. त्यानंतर टाळेबंदी आली आणि हा मार्ग सोडून द्यावा असे मी जवळजवळ ठरवले होते.

तो सोडला नाही, याचे कारण परीक्षेत नाही, आमच्या पडवीत आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची कौले उडाली आणि वाडीत महिनाभर वीज आली नाही. शहरातील मुले मोबाइलवर शिकत होती, पण आमच्याकडे मोबाइल चार्ज करायलाच सोय नव्हती. शेजारची चार मुले रोज खळ्यात नुसती बसून असत, म्हणून मी त्यांना पडवीत बोलावले. चाराची अकरा झाली. पडलेल्या माडांच्या झावळ्यांचे आम्ही हीर, म्हणजे पात्यांमधल्या काड्या, काढले, दहा-दहा हिरांच्या जुड्या सुंभाने बांधल्या आणि त्यांवर गणित सुरू केले. दुसरीतील एका मुलीला बेचाळीसमधून सतरा वजा करायचे होते. तिच्यासमोर चार जुड्या आणि दोन सुटे हीर होते. सात मागितले तेव्हा तिने आधी त्या दोन हिरांकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि बऱ्याच वेळाने हळूच विचारले, "ताई, जुडी सोडू?" तिने स्वतःच सुंभ सोडले, बारा हीर मोजले, त्यांतून सात बाजूला केले आणि मग एक अख्खी जुडी माझ्याकडे सरकवली. हातचा घेणे म्हणजे काय, हे मी डी.एल.एड.च्या परीक्षेत दोन पाने लिहिले होते. ते मला स्वतःला समजले त्या सकाळी. पुढच्या टीईटीचा अभ्यास मी त्याच आठवड्यात सुरू केला.

नोव्हेंबर 2021 च्या टीईटीत मी उत्तीर्ण झाले. तरीही भरतीसाठी आणखी एक चाचणी बाकी होती, ती म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. ही चाचणी पहिल्यांदा डिसेंबर 2017 मध्ये झाली आणि दुसऱ्यांदा थेट 2023 च्या फेब्रुवारीत. पहिल्या चाचणीच्या वेळी आठवीत असलेले मूल दुसरी चाचणी होईपर्यंत बारावी होऊन बाहेर पडले होते. मला केंद्र कोल्हापूर मिळाले. एस.टी. कुंभार्ली घाट चढत असताना मला आमच्या तालुक्यातील मुरुडच्या धोंडो केशव कर्वे यांची आठवण झाली. पुढे महर्षी म्हणून ओळखले गेलेले कर्वे मुलकी परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत पायी गेले होते, आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नव्हते. त्या मानाने माझा प्रवास काहीच नव्हता. चाचणीत 120 मिनिटांत 200 प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला 36 सेकंद मिळतात. अडलेला प्रश्न सोडून पुढे जाण्याची सवय घरी घड्याळ लावून केली असेल तरच निभाव लागतो.

त्यानंतर पवित्र पोर्टलवर, म्हणजे शिक्षकभरतीच्या सरकारी संकेतस्थळावर, स्वप्रमाणपत्र भरायचे, जाहिराती आल्या की प्राधान्यक्रम लावायचा आणि तो लॉक करायचा. फेब्रुवारी 2024 मध्ये हे काम मी दापोलीत एका सायबर कॅफेत बसून केले, कारण आमच्या वाडीत नेटवर्क टिकत नाही आणि लॉक केलेला क्रम नंतर बदलता येत नाही. मी रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघर असा क्रम दिला. निवड यादीत रत्नागिरी जिल्हा परिषदेसमोर माझे नाव होते. कागदपत्रांची पडताळणी आणि समुपदेशन होऊन राजापूर तालुक्यातील एक दोनशिक्षकी शाळा मला मिळाली.

या सात वर्षांत माझ्या तुकडीतील बहुतेक जण दुसरीकडे गेले. गोष्ट सांगताना अख्खा वर्ग स्तब्ध करणारा आमचा एक मित्र आज लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत पाळीवर जातो. त्याला शिकवण्याची आवड नव्हती असे कोणी म्हणू नये. घरात धाकटी भावंडे असताना तारीख नसलेल्या परीक्षेची वाट पाहणे त्याला परवडले नाही. तरुण या पेशाकडे वळत नाहीत अशी चर्चा होते तेव्हा मला त्याचाच चेहरा दिसतो. मानधन हा प्रश्न आहेच. प्राथमिक शिक्षणसेवकाला पूर्वी महिना 6,000 रुपये मिळत, ते 2023 पासून 16,000 झाले आणि सेवेची पहिली तीन वर्षे त्यावरच काढावी लागतात. मी खोलीचे भाडे देऊन त्यात भागवते. पण चाचणी दरवर्षी ठरलेल्या महिन्यात होईल एवढे जरी कळले असते, तरी तो मित्र थांबला असता, अशी माझी खात्री आहे.

इथे आणखी एक गोष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले अनेक शिक्षक मनापासून शिकवतात, पण घर दूर असल्यामुळे आंतरजिल्हा बदली मिळताच ते परततात, आणि यात त्यांचा दोष नाही. मात्र त्यामुळे कोकणातील वाड्यांवरच्या शाळा पुन्हा रिकाम्या होतात. म्हणून इथल्याच मुलामुलींनी या पेशात यावे असे मला कळकळीने वाटते.

गेल्या महिन्यात शाळेजवळच्या वाडीतील बारावीची एक मुलगी, शिक्षिका कसे व्हायचे, हे विचारायला आली. मी तिला आधी शनिवारी सकाळच्या शाळेत बोलावले आणि दुसरीच्या मुलांसमोर हिरांच्या जुड्या देऊन बसवले. शाळा सुटली तरी ती उठली नाही. एका मुलाची वजाबाकी राहिली होती. नंतर तिने प्रवेशअर्जाबद्दल विचारले, तेव्हा मी वहीच्या पानावर तिला सगळा क्रम लिहून दिला: डी.एल.एड., टीईटी, अभियोग्यता चाचणी, पोर्टल. पहिल्या टप्प्यापुढे मी दोन वर्षे असे लिहिले. अभियोग्यता चाचणी तिसऱ्यांदा 2025 मध्ये झाली, एवढे मी तिला सांगितले, आणि तिची चाचणी कधी होईल ती जागा पानावर मोकळी सोडली.