कोलंबोचं तिकीट अन् आमदाराची सीट

दिग्रसला माझं छोटंसं दुकान आहे, बोर्डावर टूर्स अँड ट्रॅव्हल्स लिहिलंय पण खरं पोट भरतं ते सातबारा, आधार अपडेट, लाईट बिल अन् रेल्वेच्या तिकिटांवर. विमानाचं तिकीट महिन्यातून एखादं, तेही पुण्यात आयटीत असलेल्या कोणाच्या तरी पोराचं. अशा दुकानातून मी 31 जणांचं कोलंबोचं ग्रुप बुकिंग करून बसलो होतो, अन् ते बोंबललं तो दिवस 10 मे 2022, मंगळवार. अजूनही मे महिना लागला की आठवते.

आधी थोडं मागचं सांगतो. जवळच्या एका गावातले रिटायर्ड सर आहेत, विहाराचं सगळं तेच बघतात. 2019 मध्ये त्यांनी विषय काढला की बुद्ध पौर्णिमेला श्रीलंकेला जायचं, अनुराधापूरचा बोधिवृक्ष बघायचा, कँडीला दंतधातू, म्हणजे बुद्धांचा दात, बघायचा. बोधगयेच्या झाडाची फांदी सम्राट अशोकाच्या मुलीनं, संघमित्रेनं तिथं नेली, इसवीसनाच्या आधीची तिसऱ्या शतकातली गोष्ट, हे सर इतक्या वेळा सांगायचे की बचत गटातल्या बायांना पाठच झालं होतं. निंदण-वेचणीच्या मजुरीतून पैसे साठवले त्या बायांनी. पासपोर्ट काढले, पोलीस व्हेरिफिकेशनला शिपाई घरी आला तं सगळं गाव गोळा, म्हातारीनं काय गुन्हा केला म्हणून.

2020 चं बुकिंग लॉकडाऊनमध्ये गेलं. कंपनीनं पैसे परत देण्याऐवजी क्रेडिट दिलं, म्हणजे आमचे पैसे तिच्याकडेच, फक्त पुढच्या तिकिटाला वापरा. कंपनीचं नाव घेत नाही, घेऊन काही फायदाही नाही. तेच क्रेडिट मी 2022 च्या पौर्णिमेला लावलं. सेवाग्रामवरून जीटी एक्सप्रेस पकडायची, चेन्नई, अन् तिथून कोलंबो, सव्वा-दीड तासाचं विमान. सर म्हणायचे 2017 मध्ये वाराणसी-कोलंबो थेट विमान सुरू झालं तेव्हाच निघायला पाहिजे होतं. पण तेव्हा पैसे कोणाकडे होते!

मेच्या पहिल्या आठवड्यात मेसेज आला, शेड्युल चेंज. चेन्नईवरून थेट नाही, आता बंगळुरूमार्गे, अन् मधात नऊ तासांचा हॉल्ट. मी म्हटलं ठीक आहे, चटया घेऊन जाऊ. आमच्या लोकायले नऊ तास म्हणजे काय, लग्नाच्या वरातीत जास्त बसतात. ग्रुपवर टाकून दिलं, सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले.

अन् 10 तारखेला सकाळी दुकान उघडत नाही तोच दुसरा मेसेज, फ्लाईट कॅन्सल. टीव्ही लावला तं कोलंबोत जाळपोळ, आदल्या दिवशी पंतप्रधान महिंदा राजपक्षेंनी राजीनामा दिलेला, सगळीकडे कर्फ्यू. महिनाभर आधी त्या देशानं परदेशी कर्ज फेडणं थांबवलं होतं ते मी वाचलं होतं, पण आपलं विमान तं जाईल ना असंच वाटायचं. माणूस आपल्या तिकिटापुरतंच बघतो.

नेमकं त्याच दिवशी अकरा वाजता सगळ्यांना दुकानात बोलावलं होतं, पिवळ्या टोप्या अन् बॅगांचे टॅग वाटायला. फोन करून येऊ नका सांगता आलं असतं पण फोनवर सांगायची हिंमतच झाली नाही माझी. बारापर्यंत दुकानासमोर वीसेक माणसं, ऊन 44 डिग्रीचं, अन् मी काउंटरमागं टोप्यांच्या खोक्यावर हात ठेवून उभा.

सांगितलं एकदाचं. कोणी ओरडलं नाही, तेच जास्त लागलं. सर खुर्चीवर बसून राहिले. एक मावशी आहेत, सत्तरीच्या, त्या म्हणाल्या, "काहून बाबू, इमानात बिघाड झाला काय?"

आता याचं उत्तर काय द्यायचं? माझा मोठा भाऊ तिथंच बसला होता, तो एसटीत कंडक्टर, पाच-साडेपाच महिन्यांच्या संपानंतर नुकताच कामावर गेलेला. तोच बोलला, अन् मला तेव्हा कळलं की हा विषय माझ्यापेक्षा त्यालाच जास्त समजतो. म्हणाला मावशी, लाल डब्ब्याचंच बघा ना, डिझेल वाढते, गाडी अर्धी रिकामी जाते, मंग तोट्याची फेरी पहिले बंद होते, अन् तुमच्या गावाची गाडी कोणत्या दिवशी येणार नाही हे तुम्हाले कोणी विचारत नाही. त्यात इमानवाल्याईचं तेल डॉलरमध्ये, इमान भाड्यानं घ्यायचं तेही डॉलरमध्ये, अन् श्रीलंकेचा रुपया मार्चमध्ये एका डॉलरला दोनशे होता तो दोन महिन्यात साडेतीनशेच्या वर गेला. तिकीट महाग करावं तं माणूस चढत नाही, नाही करावं तं तेलाले पैसे नाही.

मग चर्चा सुरू झाली अन् चहा आला. कोणीतरी म्हणालं श्रीलंकेची स्वतःची सरकारी विमान कंपनी आहे ना, श्रीलंकन एअरलाइन्स, सरकार कसं बुडू देईल. सरांनी तिची गोष्ट सांगितली. 1998 पासून दहा वर्षं ती कंपनी दुबईच्या एमिरेट्सनं चालवली. मग लंडनहून राष्ट्राध्यक्षांच्या ताफ्यासाठी तिकीटवाले प्रवासी उतरवायला तिथल्या मॅनेजमेंटनं नकार दिला, तं सीईओचं वर्क परमिटच रद्द केलं, अन् 2008 ला एमिरेट्सनं करार वाढवला नाही. हे राष्ट्राध्यक्ष म्हणजे तेच महिंदा राजपक्षे, ज्याईचा राजीनामा टीव्हीवर चालू होता. पुढं वर्षानुवर्षं तोटा.

भाऊ हसला. म्हणे आमच्या एसटीत आमदाराची सीट राखीव असते, खिडकीवर लिहिलेलं असते, मी नोकरीत त्या सीटवर एकही आमदार पाहिला नाही, पण निदान कोणाले उतरवून तं बसत नाही.

अन् मग त्यानंच एक गोष्ट बोलून दाखवली जी माझ्या डोक्यात राहिली. त्याच वर्षी 27 जानेवारीला एअर इंडिया सरकारनं टाटांना देऊन टाकली, 18 हजार कोटींत, कर्ज होतं 61 हजार कोटींच्या वर, त्यातलं बरंचसं सरकारच्याच म्हणजे आपल्याच गळ्यात राहिलं. अन् नेमक्या त्याच महिन्यात एसटीवाले रस्त्यावर, आम्हाले सरकारात विलीन करा म्हणून. एक सरकारातून बाहेर चालला, एक आत घ्या म्हणून दारात बसला, अन् तोटा दोघांकडेही. "मले अजून समजलं नाही यातलं शहाणं कोण," असं म्हणून तो ड्युटीवर निघून गेला. मलाही समजलं नाही, खरं सांगतो. खासगीवाला तोट्याची फेरी आणखी लवकर बंद करणार हे तं दिसतेच, आमच्या गावाकडच्या खासगी ट्रॅव्हल्स नागपूर-पुण्याला धावतात, वाड्या-तांड्यावर कोणती जाते ते दाखवा.

ज्या पौर्णिमेला अनुराधापूरला राहायचं होतं त्या 16 मेला आमच्यातले 19 जण एसटीनं नागपूरला गेले, दीक्षाभूमीवर. तिथला बोधिवृक्ष अनुराधापूरच्याच झाडाचा, भदंत आनंद कौसल्यायन यांनी आणलेल्या फांदीचा, हे सरांनीच काढलं. ज्येष्ठांना अर्धं तिकीट. मावशी गाडीत बसल्या त्या थेट आमदाराच्या सीटवर, पिवळी टोपी घालून. टोप्या वाटून टाकल्या होत्या मी, ठेवून काय करू.

परतताना रात्र झाली, मी मोबाईलवर बातम्या चाळत होतो. श्रीलंकेचे चार दिवसांआधी झालेले नवे पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे त्याच दिवशी भाषणात बोलले होते की सरकारी विमान कंपनी विकायचा प्रस्ताव आणू, 2020-21 या एका वर्षाचा तोटा त्यांच्या रुपयात साडेचार हजार कोटी, मार्च 2021 पर्यंतचा एकूण 37 हजार 200 कोटी, अन् ज्यांनी कधी विमानात पायही ठेवला नाही अशा गरिबांनाही हा तोटा सोसावा लागणार. मी ते मावशींना मराठीत सांगितलं. त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या, मला वाटलं झोप लागली.

मग म्हणाल्या, "आमी तं तिकीटही काढलं होतं ना बाबू."

पैसे परत यायला नोव्हेंबर उजाडला, तेही रोज फोन करून करून. दोघांचं नाव तिकिटावर अन् बँकेत वेगळं निघालं, त्यांचे अजून अडकलेले आहेत अन् ते दोघं बाजाराच्या दिवशी दुकानात येऊन बसतात, चहा माझ्याकडून. मावशींनी आपले पैसे नातीच्या नर्सिंगच्या फीला भरले. पासपोर्ट मात्र माझ्याकडेच ठेवायला दिलाय, घरी उंदरं खातात म्हणून. पूर्ण कोरा आहे, 2029 पर्यंत चालतो.