वहीत नोंद नसलेले अकरा दिवस

आमची कांद्याची चाळ निफाड तालुक्यात, घरापासून दोनशे पावलांवर आहे. एप्रिलमध्ये काढलेला उन्हाळी कांदा तिथे भरतो आणि बाजार बघत दिवाळीपर्यंत थोडा थोडा विकतो. पाऊस लागला की सड सुरू होते. वरच्या थरात ती कमी आणि मधे जास्त का, यावर आप्पा आणि मी दोन वर्षं नुसतेच बोलत होतो. साठवणीला २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते, हे पाठ होतं. आमच्या चाळीत रात्री दोन वाजता नेमकं काय असतं, ते मात्र कोणी मोजलेलं नव्हतं.

चाळीपर्यंत वायफाय पोचत नाही, म्हणून नोंदी जागेवरच मेमरी कार्डावर साठवायच्या ठरवल्या. आर्डुइनो नॅनो हा प्रोग्रॅम घालता येणारा छोटा सर्किट बोर्ड, तापमान आणि आर्द्रता मोजणारे दोन डीएचटी-२२ सेन्सर, वेळेसाठी डीएस-३२३१ घड्याळ आणि मायक्रो एसडी कार्ड. हिशेब सोपा होता: दर दहा मिनिटांनी एक ओळ, दिवसाला १४४. एक ओळ ३० बाइटांची धरली तर दिवसाचे साधारण चार हजार तीनशे बाइट, म्हणजे सहा महिन्यांचा सगळा डेटा एक एमबीच्या आतच.

पहिलं कार्ड दोन दिवसांत गेलं. साधा स्लॉट आणला होता आणि त्याला वीज नॅनोच्या ३.३ व्होल्टच्या पायातून दिली होती, त्यामुळे मी निर्धास्त होतो. पण नॅनो स्वतः ५ व्होल्टवर चालतो, तेव्हा त्याच्या सिग्नलच्या तारांवरही ५ व्होल्टच येतात. कार्डाची सहनशक्ती ३.६ व्होल्टपर्यंतची. मग व्होल्टेज उतरवणारी चिप असलेलं मॉड्यूल घेतलं. घरात पडलेलं ६४ जीबीचं कार्ड त्यात घातलं, तर ते ओळखलंच गेलं नाही. ३२ जीबीच्या वरची कार्डं एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात आणि आर्डुइनोच्या एसडी लायब्ररीला, म्हणजे कार्ड हाताळणाऱ्या तयार कोडला, फॅट-१६ व फॅट-३२ एवढंच वाचता येतं. ८ जीबीचं कार्ड आणलं आणि ते चाललं.

तरीही फाइल उघडेना. यात एक पूर्ण संध्याकाळ गेली. फाइलला मी इंग्रजी अक्षरांत ‘कांदाचाळ’ नाव दिलं होतं, ती होतात नऊ अक्षरं. या लायब्ररीला नावात आठच चालतात, टिंबापुढे तीन. नुसतं ‘कांदा’ केलं आणि फाइल लगेच तयार झाली. दुसरी अडचण मेमरीची. नॅनोकडे रॅम अवघी २०४८ बाइट. कार्डावर लिहिणं-वाचणं ५१२ बाइटांच्या गठ्ठ्यांत होतं, म्हणून लायब्ररी तेवढी जागा आधीच अडवून ठेवते. एक चतुर्थांश रॅम तिथेच गेली. माझे लांबलचक संदेश उरलेल्या रॅममध्ये मावेनात आणि बोर्ड मधेच नव्याने सुरू व्हायचा. ते संदेश फ्लॅश मेमरीत, म्हणजे प्रोग्रॅम जिथे साठतो तिथे, हलवले तेव्हा तो प्रकार थांबला.

मे महिन्याच्या शेवटी यंत्र चाळीत लावलं, बल्बच्या बोर्डावरून मोबाइलच्या चार्जरवर. अकरा दिवसांनी वादळी पाऊस आला, लाइट गेली आणि सकाळी मी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. फाइल होती. आकार शून्य बाइट.

मला खूप लागलं ते. पहिल्या पावसाच्या आधीचे दिवस परत मिळणार नव्हते. एका मोफत प्रोग्रॅममधून मी कार्डावरचे कच्चे बाइट उघडून बघितले, आणि माझ्या ओळी त्यात होत्या! तारीख, वेळ, तापमान, सगळं. शेवटच्या काही ओळी तेवढ्या नव्हत्या, त्या रॅममधल्या अर्ध्या भरलेल्या गठ्ठ्यासोबत गेल्या. बाकीचा माल गोदामात पडून होता, वहीत मात्र त्याची नोंद नव्हती. फाइल कुठून सुरू होते आणि किती लांब आहे, हे कार्डावर वेगळ्या जागी लिहिलेलं असतं, आणि ते लिहिलं जातं फाइल बंद करताना किंवा फ्लशची, म्हणजे आतापर्यंतचं सगळं कार्डावर उतरवण्याची, आज्ञा दिल्यावर. मी सुरुवातीला एकदा फाइल उघडली होती आणि नंतर कधीच बंद केली नव्हती. दोन रात्री बसून त्या ओळी एकेक तुकडा करून वेगळ्या फाइलमध्ये उतरवल्या.

आता प्रत्येक नोंदीला फाइल उघडते, ओळ लिहिली जाते, फाइल बंद होते. असं केल्याने कार्ड लवकर झिजतं असं लोक सांगतात. सेकंदाला शंभर नोंदी घेणाऱ्याने त्याची काळजी जरूर करावी. दिवसाला १४४ वेळा लिहिणाऱ्याने लाइट जाण्याची आधी करावी, असं माझं ठाम मत आहे. लिहिताना कार्ड क्षणभर बराच जास्त करंट ओढतं, त्यासाठी मॉड्यूलच्या पायांशी थोडी वीज साठवून ठेवणारा १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला आणि तारा वीतभरच्या केल्या. त्यानंतर लाइट कितीतरी वेळा गेली. दर वेळी नोंदी शेवटच्या ओळीपर्यंत शाबूत निघाल्या.

जुलैत आलेख काढला आणि आप्पांना दाखवला. पश्चिमेच्या बाजूला झड लागू नये म्हणून आम्ही ताडपत्री सोडतो. पाऊस उघडला, बाहेर ऊन पडलं, वरच्या थराची आर्द्रता दुपारपर्यंत उतरली. मधला थर मात्र दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत ८५ च्या वरच होता. ताडपत्री तशीच राहिली होती. आप्पा बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे पाऊस थांबला की लगेच वर घ्यायला हवी. मी सकाळची वाट बघत होतो.”

आता पाऊस उघडला की ते रात्रीसुद्धा बॅटरी घेऊन जातात आणि ताडपत्री गुंडाळून येतात. दर रविवारी सकाळी चहा घेताना “कार्ड आणलंस का?” म्हणून विचारतात. त्यांना आता तिसरा सेन्सर हवा आहे, पूर्वेच्या कोपऱ्यात अगदी तळाच्या थरात. नॅनोचे पाय शिल्लक आहेत. ओळ ३० बाइटांची ४० होईल, एवढंच.