तक्त्याला स्क्रिप्टने शीर्षविभाग जोडताना

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या देखभाल खर्चाचा तक्ता एका जुन्या प्रणालीतून वेबपानावर येतो. त्याच्या एचटीएमएलमध्ये ‘टीहेड’, म्हणजे तक्त्याचा शीर्षविभाग, नसतो, रकान्यांची नावेही पहिल्या ओळीत साध्या ‘टीडी’ (माहितीच्या) सेलमध्येच असतात. त्यामुळे छापील प्रतीच्या दुसऱ्या पानापासून कोणता आकडा कशाचा, हे कळेनासे होते. कारण पानोपानी पुन्हा छापण्यासाठी ब्राउझर शीर्षविभागातल्याच ओळी घेतो. मूळ प्रणालीत बदल करण्याची सोय नसल्याने मी जावास्क्रिप्टचा आधार घेतला.

तक्त्याची ‘क्रिएटटीहेड’ ही पद्धत १९९८च्या डॉम (स्क्रिप्टला पानातले घटक हाताळू देणाऱ्या) प्रमाणकापासून उपलब्ध आहे. टीहेड आधीच असेल तर ती तोच परत देते, नसेल तर नवा तयार करून ‘कॅप्शन’ (तक्त्याचे शीर्षक) आणि ‘कोलग्रुप’ (रकान्यांचे गट) यांच्यानंतर, पण बाकी सगळ्याच्या आधी बसवते. मी मात्र सुरुवातीला त्यात ‘इन्सर्टरो’ने नवी ओळ घालत होतो, आणि स्क्रिप्ट चुकून दोनदा चालली तेव्हा टीहेड एकच राहिला तरी शीर्षकाच्या ओळी दोन झाल्या. नवी ओळ घालण्याऐवजी असलेलीच पहिली ओळ ‘अपेंडचाइल्ड’ने टीहेडमध्ये हलवली, तर हा प्रश्न उरत नाही, दुसऱ्या वेळी तीच ओळ पुन्हा आपल्याच जागी जाऊन बसते.

खरे काम याच्या पुढे आहे. ओळ टीहेडमध्ये गेली म्हणून तिच्यातले टीडी आपोआप ‘टीएच’, म्हणजे शीर्षकाचे सेल, होत नाहीत, आणि नवा सेल घालणारी ‘इन्सर्टसेल’ तर नेहमी टीडीच देते. अस्तित्वात असलेल्या घटकाचे नाव बदलता येत नसल्याने प्रत्येक सेलसाठी ‘क्रिएटएलिमेंट’ने नवा टीएच तयार करावा लागतो, त्यात जुन्या सेलमधला मजकूर हलवावा लागतो, ‘कोलस्पॅन’सारखे (सेल किती रकाने व्यापतो ते सांगणारे) गुणधर्म आठवणीने उतरवून घ्यावे लागतात आणि मग अदलाबदल करावी लागते. टीएच कशाचे शीर्षक आहे ते सांगणाऱ्या ‘स्कोप’ या गुणधर्माला ‘कोल’ (रकाना) हे मूल्यही मी तिथेच देतो, म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्या सभासदाला प्रत्येक आकड्यासोबत रकान्याचे नाव ऐकता येते. हा भाग गाळून केवळ टीहेड जोडणे मला अर्धवट वाटते.

विकिपीडियावरच्या, क्रमवारी लावता येणाऱ्या तक्त्यांतही जवळपास हेच घडते: विकीमजकुरातून (संपादक लिहितात त्या खुणांच्या मजकुरातून) टीहेड तयार होत नाही, म्हणून केवळ टीएच असलेल्या वरच्या ओळी ब्राउझरमधली स्क्रिप्ट त्यात नेऊन ठेवते.

एक गोष्ट मात्र नंतर ध्यानात आली. पहिली ओळ ‘टीबॉडी’तून, म्हणजे तक्त्याच्या मुख्य भागातून, निघाल्यावर सम-विषम ओळींचे रंग उलटे झाले, तेव्हा स्टाइलशीटमध्येही एक शब्द बदलावा लागला.