दोन्ही हात एकदम

लेकीनं दहावीच्या वर्षी पोहणं सोडलं तेव्हा तिच्या तलावाच्या पासचे अडीच महिने शिल्लक होते. पैसे परत मिळणार नव्हते, पण पासवरचं नाव बदलून मिळत होतं. भरलेले पैसे वाया जाऊ नयेत, एवढ्याच उदात्त हेतूनं मी सत्तेचाळिसाव्या वर्षी पाण्यात उतरले. तोवर सात वर्षं त्याच तलावाच्या पायऱ्यांवर टॉवेल आणि केळी घेऊन बसत होते.

पोहायला मला येत होतं, म्हणजे तसा माझा समज होता. माझं माहेर सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात. मळ्यातल्या विहिरीत अण्णांनी पाठीला रिकामा डबा बांधून मला ढकललं तेव्हा मी सात वर्षांची होते. उन्हाळ्याच्या अखेरीला डबा सुटला आणि पुढच्या वर्षी मी काठावरून अंगाचं मुटकुळं करून मुटका मारायला लागले. पण बाराव्या-तेराव्या वर्षी विहिरीवर जाणं बंद झालं. कुणी रागावलं वगैरे नाही. एक दिवस आई म्हणाली, "आता पोरं असतात तिथं," आणि संपलं. मधली पस्तीस वर्षं बादलीतल्या पाण्यावर गेली.

तलावावरच्या सरांनी पहिल्या दिवशी मला एक फेरी मारायला सांगितली. मी मारली, खुशीत. सर म्हणाले, "मॅडम, बुडणार नाही तुम्ही. पण हे पोहणं नाही." विहिरीत आम्ही डोकं वर ठेवून पोहायचो, कारण समोर भिंत कुठे आहे आणि वरून कोण उडी मारतंय हे बघावं लागायचं. डोकं वर राहिलं की कंबर खाली जाते, मग आपण पाणी कापत नाही, ढकलत बसतो. पाण्यात तोंड घालून श्वास सोडायचा आणि वर आल्यावर फक्त घ्यायचा, ही एवढी गोष्ट जमायला मला दीड महिना लागला. पाय मात्र विहिरीनं बरे दिले होते. बेडकासारखी लाथ मला न शिकवता येत होती, म्हणून सरांनी ब्रेस्टस्ट्रोकवर घेतलं.

मास्टर्स हा शब्दही त्यांच्याकडूनच कळला. पंचविशीच्या पुढच्या लोकांच्या स्पर्धा असतात, पाच-पाच वर्षांचे गट असतात आणि त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला तुमचं जे वय भरतं ते धरतात. स्टार्टिंग ब्लॉकवरून, म्हणजे काठावरच्या उंच ठोकळ्यावरून, सूर मारता येत नसेल तर पाण्यात भिंतीला धरून सुरुवात केलेली चालते. हे ऐकून मी हसले होते. पण घरी येऊन जेवताना सहज सांगितलं आणि तिथे बोलणं माझ्या हातातून सुटलं. नवरा म्हणाला, "कर की." सासूबाईंनी विचारलं, "पदक असतं का?"

"कर की" म्हणायला काही लागत नाही. आमच्या घरात सकाळी साडेपाच ते साडेसात म्हणजे तीन डबे, सासूबाईंचा चहा आणि गोळ्या, पाण्याचा पंप आणि शेवटी माझी सहकारी बँकेकडे धाव. सरांची बॅच नेमकी पावणेसहाची. पहिले दोन महिने मी पावणेचारला उठून सगळं उरकून जायचे आणि दुपारी काउंटरवर नोटा मोजताना डुलक्या घ्यायचे. एकदा एका आजोबांच्या पासबुकात दुसऱ्याच खात्याची एंट्री छापली. त्या दिवशी घरी येऊन मी रडले आणि पास फाडायला निघाले.

त्यानंतर जे ठरलं ते कुणी फार प्रेमानं ठरवलं असं नाही, व्यवहारानं ठरवलं. कणीक मी रात्री मळून ठेवायची. भाजी सासूबाईंनी रात्री मालिका बघता बघता निवडून-चिरून ठेवायची. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळचं स्वयंपाकघर नवऱ्याचं. पोळ्या त्याला शेवटपर्यंत जमल्या नाहीत. त्या तीन दिवशी पोळ्या जाड आणि भाजी फ्लॉवर-बटाटा, हे वर्षभर चाललं. लेकीच्या डब्याला तिच्या मैत्रिणींनी "फ्लॉवर स्पेशल" नाव ठेवलं होतं. लोक विचारतात, घरच्यांचा पाठिंबा होता का? होता. तो फ्लॉवर-बटाट्याच्या रूपात होता.

पहिली राज्यस्तरीय स्पर्धा आली ती लेकीच्या बारावीच्या वर्षी. नणंदबाई दिवाळीच्या खरेदीला आल्या तेव्हा म्हणाल्याच, "पोरीची बारावी आणि वहिनी पोहायला जाते?" मी उत्तर शोधत होते तोवर सासूबाई आतून बोलल्या, "बारावी तिची आहे, हिची नाही." माझ्या सासूबाईंनी आयुष्यात नदीत घोट्यापलीकडे पाय घातलेला नाही. सुट्टीत माझ्याबरोबर तलावावर यायच्या, स्वेटर घालून, कानटोपी बांधून, आणि माझ्या फेऱ्या जपमाळेवर मोजायच्या. लांब सेटमध्ये माझी मोजदाद चुकायची, त्यांची कधी नाही.

कागदपत्रांत फार काही नव्हतं. फॉर्म, फोटो, आधार, वयाचा दाखला आणि डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट. डॉक्टरांनी ईसीजी काढून घेतला, तो मात्र मी कुणालाही टाळू नका म्हणून सांगेन. फॉर्मवर एक रकाना होता, एंट्री टाइम. आधीची वेळ नसेल तर तिथे एनटी लिहायचं, म्हणजे नो टाइम. लेकीनं माझ्या वतीनं ठळक अक्षरात एनटी लिहिलं.

स्पर्धा दुसऱ्या जिल्ह्यात होती. तिखटमिठाच्या पुऱ्या घेऊन आम्ही चौघं गाडीनं गेलो. तिथे पोचल्यावर पहिला धक्का तलावाचा बसला. आमचा तलाव पंचवीस मीटरचा. तिथे पन्नास मीटरची शर्यत म्हणजे मध्ये एक भिंत येते, तिला पाय लावून ढकललं की थोडी फुकटची चाल मिळते. स्पर्धेचा तलाव पन्नास मीटरचा. भिंत थेट शेवटालाच. लांबून ती दुसऱ्या गावात असल्यासारखी दिसत होती.

खोबरेल चोपडलेल्या केसांवर टोपी चढवली, गुडघ्यापर्यंतचा पोशाख ओढून नीट केला. पंचांची लांब शिट्टी झाली, मी पाण्यातूनच सुरुवात केली. पस्तीस मीटरपर्यंत सगळं शिकवल्यासारखं झालं. मग शेजारच्या लेनमधली बाई डोळ्याच्या कोपऱ्यात दिसायला लागली. शेवटच्या दोन हातांत मी सगळं विसरून भिंतीकडे झेप घेतली आणि तिच्या आधी पोचले. घड्याळावर एक मिनिट एक सेकंद. वर बघितलं तर पंचांचा हात वर होता.

ब्रेस्टस्ट्रोकमध्ये शेवटी भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात. फ्रीस्टाइलला एक हात चालतो, इथे नाही. माझा डावा आधी लागला होता. निकालाच्या कागदावर माझ्या नावापुढे वेळ नाही, डीक्यू, म्हणजे बाद.

नवरा पंचांशी बोलायला निघाला होता, मी त्याला टोपी धरून बसवला. लेकीनं मोबाइलवरचा व्हिडिओ एकेक चित्र थांबवून पाहिला आणि म्हणाली, "आई, डावा आधी. क्लिअर आहे." सासूबाईंना नियम समजावून सांगितला तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तू पोहलीस, ते गेलं कुठे?" याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. परतीच्या वाटेवर पुऱ्या कुणी खाल्ल्या नाहीत.

त्यानंतर लेकीनं घरात एक नियम काढला. दार ढकलायचं तर दोन्ही हातांनी. फ्रीज बंद करायचा तर दोन्ही हातांनी. मी ओट्याकडे वळले की अभ्यासाच्या टेबलावरून आवाज यायचा, "दोन्ही!" बँकेत एकदा काचेचं दार मी असं दोन्ही हात लावून ढकललं की शिपाईमामा म्हणाले, "मॅडम, उघडंच आहे."

जानेवारीत उजवा गुडघा आतल्या बाजूनं दुखायला लागला. ब्रेस्टस्ट्रोकच्या लाथेत पाय बाहेर वळून फिरतो, त्याचा ताण गुडघ्याच्या आतल्या बाजूवर येतो. हे दुखणं या प्रकारात इतकं नेहमीचं आहे की त्याला या स्ट्रोकचंच नाव आहे. फिजिओथेरपिस्टनं सहा आठवडे लाथ बंद केली. पायांत पुल बॉय, म्हणजे फोमचा तरंगता ठोकळा, धरून नुसते हात मारायचे. उघड्या तलावाचं पुण्यातलं जानेवारीचं पाणी, त्यात पाय हलवायचे नाहीत. वर पाळी अनियमित झालेली, रात्री घामानं जाग यायची आणि पहाटे थंडीनं दात वाजायचे. एकाच अंगात उन्हाळा-हिवाळा दोन्ही नांदत होते.

आणि याच दिवसांत ती सकाळ आली. पाण्याबाहेर येऊन लॉकरमधला फोन बघितला तर नवऱ्याचे सहा मिस्ड कॉल. सासूबाईंची साखर उतरली होती. घाम फुटला, बोलणं तुटक झालं. नवऱ्यानं साखरपाणी पाजलं, लेकीनं पूर्वपरीक्षेला जायच्या आधी शेजारच्या डॉक्टरांना उठवून आणलं. मी रिक्षानं घरी पोचले तेव्हा त्या उठून बसल्या होत्या आणि चहात साखर का घातली म्हणून लेकराला रागावत होत्या. मी दहा दिवस तलावावर गेले नाही. कुणी मला काही बोललं नाही, त्यामुळे जास्तच लागलं. अकराव्या दिवशी पहाटे सासूबाईंनी येऊन दिवा लावला. म्हणाल्या, "तू घरात असतीस तर काय दिलं असतंस?"

"साखर."

"त्यानं काय दिलं?"

मी पिशवी उचलली. तेव्हापासून फोन लॉकरमध्ये नाही, सरांच्या टेबलावर असतो.

लेकीच्या बारावीच्या मार्कांबद्दल इथे काही लिहीत नाही, ती वाचेल.

पुढच्या वर्षीची गंमत वेगळीच. गावच्या शाळेत गुरुजींनी निम्म्या वर्गाची जन्मतारीख १ जून लिहिली, तशी माझीही, १ जून १९७४. आईच्या म्हणण्याप्रमाणे मी १९७५ च्या संक्रांतीची. या खोट्या तारखेनं मी नोकरीतून आधी निवृत्त होणार, म्हणून आयुष्यभर गुरुजींना नावं ठेवली. पण २०२४ मध्ये कागदावर माझी पन्नाशी भरली आणि मी ५० ते ५४ च्या गटात सगळ्यात लहान ठरले. बाहेर बायका वय चोरतात. इथे पन्नास पूर्ण झाली म्हणून पेढे वाटणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

या वेळी अण्णा गावाहून आले. त्यांच्या लेखी पोहणारा माणूस एकच, आमच्याच तालुक्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला हा सैनिक १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइलचं सोनं घेऊन आला. "पन्नासच मीटर हुतं त्येंचंबी," अण्णा म्हणाले, जणू मी आणि पेटकर एकाच रांगेत. मग तलावाच्या कठड्याशी उभं राहून बराच वेळ खाली बघत राहिले. "तळ दिसतोय की गं सगळा. मग भ्या कशाचं?"

आमच्या आधी वरच्या गटातल्या सत्तरीच्या पुढच्या एक बाई पाण्यातून सुरुवात करून पोहल्या. मधे थांबल्या, लेनची दोरी धरून दम घेतला, परत निघाल्या. सगळा तलाव उभा राहिला होता. मग आमचं नाव पुकारलं. गटात पाच नावं होती, एक आल्याच नाहीत. मी या वेळी ब्लॉकवर चढले. "टेक युअर मार्क" आणि भोंगा यांच्यामधला तो क्षण मला विहिरीच्या काठाइतकाच ओळखीचा वाटला.

सूर बरा पडला. मधलं काही आठवत नाही, शेवटचे पाच मीटर आठवतात. शेजारची पुढे आहे हे कळत होतं आणि मी तिच्याकडे बघितलं नाही. हात पुढे नेले, थांबवले, दोन्ही मिळाले का याची खात्री केली आणि मग भिंत. त्यात अर्धा सेकंद गेला असेल. गेला तर गेला. वर येऊन घड्याळ नाही पाहिलं, पंचांचा हात पाहिला. खालीच होता.

अठ्ठावन्न पूर्णांक चार. चौघींत तिसरी. चौघींत तिसरी येण्याचा फार गाजावाजा करू नये हे मला कळतं, पण ब्राँझ सासूबाईंनी देव्हाऱ्याशेजारी टांगलं आहे, ते काढायची माझी हिंमत नाही. अण्णांनी एवढंच विचारलं, "मुटका का नाही मारलास?"

परवा नवा फॉर्म आला. लेक कॉलेजमध्ये, त्यामुळे मीच भरत होते. एंट्री टाइमच्या रकान्यात अठ्ठावन्न पूर्णांक चार लिहिलं. सासूबाई चष्मा लावून मागून वाकून बघत होत्या.

"दोन कमी लिही."

"आई, ते खोटं होईल."

"मग पोह की तेवढं," म्हणाल्या आणि फ्लॉवर चिरायला बसल्या.